जमिनीवर मांडलेलं डोकं

घरात सगळे त्याला भोवरा म्हणत. नाव आईने ठेवलेलं. लहानपणी दूध आणायला धाडलं की तो किटली घेऊन निघायचा, वाटेत कुणाच्या सायकलची साखळी पडलेली दिसायची, मग किटली कुठल्यातरी कट्ट्यावर टेकवून तो साखळी बसवायला लागायचा. साखळीवरून ब्रेक, ब्रेकवरून घंटी. दिवेलागणीला घरी यायचा तेव्हा हात काळे, चेहरा खूश आणि किटली बेपत्ता. "एक ना धड, भाराभर चिंध्या," आई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी नवी किटली आणायची.

मोठेपणी त्याने वाद्यं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. खाली दुकान, वर राहायची खोली. हाताला गुण असा, की मोडकं वाद्य त्याच्याकडून परत यायचं ते नव्याहून गोड वाजत. फक्त परत कधी येईल ते विचारायचं नाही. एकदा एक गिऱ्हाईक आत क्लॅरिनेट फुंकून बघत असताना हा गडी बाहेरून कुलूप लावून चहाला गेला आणि चहावाल्याच्या बंद पडलेल्या घड्याळात अडकला. गिऱ्हाईक बिचारा भला माणूस होता. मालक परत येईपर्यंत आत बसून वाजवत राहिला.

त्याची थोरली बहीण, ताई, म्हणजे नेमकं दुसरं टोक. ती ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. डॉक्टरने मान न वळवता हात पुढे केला की हवी ती कात्री त्या हातात पडलीच पाहिजे, आणि ती पडायची, कारण प्रत्येक कात्रीची जागा ताईने ठरवलेली असायची. घरी तिच्या खणातले चमचेसुद्धा एकाच दिशेला तोंड करून झोपायचे. तिचा नवरा म्हणायचा, "मीही ठरलेल्या कुशीवरच झोपतो, उगाच वाद कशाला?" भावावर मात्र तिचा जीव होता. जीव असल्यामुळेच ती त्याला आयुष्यभर आवरत आली होती.

चाळिशी उलटल्यावर भोवऱ्याच्या भिरभिरण्याला नाव मिळालं. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये मनोविकारतज्ज्ञ बाई कुणाला तरी मोठ्या माणसांमधल्या एडीएचडीबद्दल सांगत होत्या, आणि शेजारच्या टेबलावर ताईचा चहा निवत चालला होता. कारण बाई जे सांगत होत्या ते हुबेहूब तिच्या भावाचं वर्णन होतं. ती त्याला त्यांच्याकडे घेऊन गेली. बाईंनी लहानपणाचं विचारायला आईलाही बोलावलं. आईने प्रत्येक प्रश्नाचं एकच उत्तर दिलं, "आळस." बाईंनी शांतपणे समजावलं, की हे जन्मापासूनचं असतं, याच्याकडे लक्ष कमी नाही, उलट भरपूर आहे, पण त्याचा लगाम याच्या हातात नाही. भोवरा छताकडे बघत होता. बाईंना वाटलं, त्याला धक्का बसला असावा. तो म्हणाला, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

गोळ्या सुरू झाल्या. फरकही पडला. सुरू केलेलं वाक्य तो आता संपवायला लागला. आई म्हणाली, "आमच्या वेळी याला कामचुकारपणा म्हणत, आणि त्याचं औषध घरातच मिळायचं."

पण दुकानाचं गाडं काही रुळावर येईना. दिलेली तारीख पाळली जायची नाही, मग लोक वैतागायचे आणि दुसरीकडे जायचे. शेवटी ताईने निर्वाणीचं सांगितलं. तिच्या नवऱ्याचं हार्डवेअरचं मोठं दुकान होतं, तिथे याच्यासाठी एक खुर्ची होती.

"हे हातातलं एक काम वेळेवर देऊन दाखव," ती म्हणाली. "नाही जमलं तर दुकान बंद करायचं आणि पहिल्या तारखेपासून भाऊजींकडे बसायचं. कबूल?"

"कबूल," भोवरा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र कबूल नव्हता.

हातातलं काम म्हणजे मास्तरांचा ॲकॉर्डियन. मास्तर शाळेत संगीत शिकवायचे, आता निवृत्त झाले होते. रविवारी त्यांचे जुने विद्यार्थी जमणार होते आणि मास्तर त्यांच्यासाठी वाजवणार होते. वाद्य वर्षानुवर्षं माळ्यावर पडून दमट झालेलं. भोवऱ्याने ते पार सुटं केलं होतं. ॲकॉर्डियनच्या पोटात लाकडी ठोकळ्यांवर धातूच्या छोट्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात, त्यांना रीड म्हणतात. हवा आली की त्यांची पोलादी जीभ थरथरते आणि सूर निघतो. त्या सगळ्या रीड त्याने काढून, साफ करून ठेवल्या होत्या.

बुधवारी ताईची सुट्टी होती. भोवरा सकाळीच बाईंकडे तपासणीला आणि तिथून गावाच्या दुसऱ्या टोकाला चामडं आणायला जाणार होता. किल्लीचा एक जोड ताईकडे कायमचा असायचा, कारण त्याच्याकडचा कायमचा हरवलेला असायचा. रविवार जवळ आलाय, जरा हातभार लावावा, अशा चांगल्या मनाने तिने दुकान उघडलं. आणि दारातच कपाळावर हात मारला.

अख्ख्या जमिनीवर पांढरी चादर. चादरीवर रीडच्या ओळी, काही सरळ, काही तिरक्या, काही पालथ्या. कुणाच्या डोक्यावर शर्टाचं बटण, कुणाच्या डोक्यावर मक्याचा दाणा, कुणाला आडवी काडी. ओळींच्या मधोमध एक बूट. टेबलावर खुर्ची उलटी. दिव्याला लाल मोजा लटकलेला. खिडकीत पालथा कप. कपाटांची दारं काढून भिंतीला टेकवलेली, आतलं सगळं उघडं. आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यांची उतरंड, सगळे कोरे. कधीतरी उत्साहाच्या भरात त्याने ते नीटनेटकेपणासाठी आणले होते आणि झाकणही उघडलं नव्हतं.

ताईने बाह्या सरसावल्या. एकेक रीड मऊ फडक्याने पुसली, लांबीप्रमाणे लावली, लहानात लहान, मोठ्यात मोठी, आणि डब्यांत भरली. बटणं बटणांत गेली, दाणे खिडकीबाहेर चिमण्यांना. मोजा धुवायला टाकला, कप विसळला, खुर्ची सरळ केली. कपाटांना दारं बसवली, अगदी स्क्रू पिळून, आणि डबे आत ठेवून ती बंद केली. संध्याकाळी दारात उभं राहून तिने दुकानाकडे पाहिलं तेव्हा तिला स्वतःचाच अभिमान वाटला. आता याला काम करायला हुरूप येईल, असं ती मनाशी म्हणाली.

घरी पोचताच फोन करून सांगायचं ठरवलं होतं. पण वाटेतच रुग्णालयातून बोलावणं आलं, अपघाताची केस होती, फोन लॉकरमध्ये गेला. सुटली तेव्हा अंग आंबून गेलं होतं. सांगायचं राहून गेलं. विसरणं ही काही एकट्या भोवऱ्याची मिरासदारी नाही.

सकाळी त्याचाच फोन आला. "ताई, येशील का? मी सगळं घालवलं."

ती पोचली तेव्हा तो मोकळ्या, चकचकीत जमिनीवर बसला होता. पुढ्यात डबे उघडे.

"काय झालं?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं.

"मी आवरलं," तो म्हणाला. "दुकान. सगळं आवरून टाकलं, आणि मला काहीच आठवत नाहीये."

ताईचं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत तो पुढे बोलायला लागला. काल तो दमून आला होता, मागच्या जिन्याने थेट वर जाऊन झोपला. सकाळी खाली आला तर हे असं. "गोळ्यांनी असं होतं का गं? झोपेत उठून मीच केलं असणार. डबे माझेच. आणि तुला मी इतक्या वेळा कबूल केलंय ना, एक दिवस सगळं आवरीन म्हणून. केलं बघ. नेमकं आत्ता केलं." तो हसला, पण डोळे लाल होते. "आधी वाटलं तू आली असशील. पण तू आली असतीस तर सांगितलं असतंस. तू कधी काही विसरतेस?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे हसून सांगायला हवं होतं. पण आयुष्यभर जिने दुसऱ्याच्या चुका दाखवल्या तिला स्वतःची चूक उच्चारायची सवय नव्हती. ती नुसतीच खाली बसली.

"पण रीड आहेत ना सगळ्या?" ती म्हणाली. "हरवलं तर काहीच नाही."

"आहेत. पण कोण कोणाची जोडीदार ते गेलं."

मग तो तिला सांगायला लागला. प्रत्येक सुराच्या दोन रीड. एक नेमकी सुरात, दुसरी केसभर वर. दोन्ही एकदम वाजल्या की आवाज थरथरतो, आणि त्या थरथरीनेच ॲकॉर्डियन ॲकॉर्डियन वाटतो. दिसायला दोघी सारख्याच. म्हणून चादरीवर जोडीजोडीने मांडल्या होत्या. बटण म्हणजे गंजलेली, जपून घासायची. दाणा म्हणजे हिच्यावरची चामड्याची पट्टी बदलायची. पालथी म्हणजे झाली. बूट होता तिथवर काम आलेलं, म्हणजे सकाळी पाय आपोआप तिथे थांबणार. दिव्याचा लाल मोजा म्हणजे गोळी घ्यायची, कारण दिवा लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. पालथा कप म्हणजे मास्तरांना फोन. उलटी खुर्ची म्हणजे मेण संपलंय, ते आणल्याशिवाय बसायचं नाही.

ताई ऐकत होती. ज्याला तिने काल पसारा म्हटलं, त्यातल्या एकेका वस्तूला तो हात लांब करून रिकाम्या जमिनीवर जागा दाखवत होता, इथे हे, तिथे ते. काही ठिकाणी त्याचा हात अधांतरीच थांबायचा. ते आठवत नव्हतं.

"आणि कपाटांची दारं?" तिने विचारलं.

"दार लावलं की आतलं माझ्यासाठी संपतं, ताई. नुसतं दिसत नाही असं नाही, ते नसतंच. दुधाचं भांडं फ्रिजमध्ये मागे सरकलं की मी नवं दूध आणतो." त्याने खांदे उडवले. "तसं मला हे नवीन नाही. रोज सकाळी उठतो तेव्हा रात्रीतून कुणीतरी माझं डोकं आवरून गेलेलं असतं. सगळं कपाटात, दारं बंद. म्हणून तर बाहेर मांडून ठेवायचं. चल, लागू या."

आणि तो लागला की कामाला! ताई बघतच राहिली. तिच्या थिएटरात कुणी असं केलं असतं तर तिने त्याला आठवडाभर कुणाला तोंड दाखवू दिलं नसतं. इथे हा माणूस, ज्याच्या कित्येक दिवसांच्या कामावर बोळा फिरला होता, पहिला डबा पुढे ओढून पहिली रीड उचलत होता. रोज सकाळी तो हेच करत आला होता. शाळेत असताना, दुकान टाकल्यावर, आजही. घरचे त्याला आळशी म्हणत होते, आणि तो दररोज आपलं अख्खं डोकं पुन्हा बांधून काढून मगच जिना उतरत होता. तिला ते आज पहिल्यांदा कळलं.

त्याच्याकडे एक छोटं टेबल होतं, खाली पायाने दाबायचा भाता आणि वर एक भोक. भोकावर रीड ठेवायची, पाय दाबायचा, ऐकायचं. ताईने रुग्णालयात फोन करून रजा टाकली आणि त्याच्या शेजारी बसली. तो न बघता हात पुढे करायचा, ती हातावर रीड ठेवायची. एवढं तिला येत होतं.

सुरुवातीला तिला सगळ्या सारख्याच ऐकू आल्या. तो मात्र एक वाजवायचा, बाजूला ठेवायचा, आणखी चार वाजवायचा, मान हलवायचा, मग पाचवी लावली की त्याची भुवई उचलली जायची. मग तो दोन्ही शेजारी ठेवून एकदम वाजवायचा. एका जोडीला त्याने मान हलवली. "ही थरथर घाईची आहे. मास्तरांची सावकाश होती." ते वाद्य त्याने मोडक्या अवस्थेत एकदाच ऐकलं होतं.

"तुला ती आठवते?" ताईने विचारलं.

"ती विसरायची कशी?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं.

दुपार झाली. ताईने समोर ठेवलेलं पाणी तसंच राहिलं. बाहेर दोन गाडीवाले हमरीतुमरीवर आले, फोन वाजून बंद झाला, एक माशी त्याच्या कानावर बसली, उडाली, पुन्हा बसली. त्याला पत्ता नव्हता. ताईने मोठमोठ्या सर्जनच्या शेजारी उभं राहून हयात घालवली होती, पण असं गढून गेलेलं माणूस तिने क्वचित पाहिलं होतं. याचंच लक्ष नसतं म्हणून प्रगतिपुस्तकात लाल शेरे पडले होते, आणि ती शेजारी उभी राहून हसली होती.

"तू रोज असं का नाही करत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या हातात असतं तर केलं नसतं का?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "हे येतं तेव्हा येतं. साधा एक फोन करायला बसतो तेव्हा येत नाही. तेव्हा मी फोन हातात घेऊन तासभर बसतो आणि करत नाही. बाहेरून आळस दिसतो. आतून नुसती झटापट असते."

कधीतरी, उन्हं तिरपी झाल्यावर, त्याने दोन रीड शेजारी ठेवल्या, भाता दाबला आणि ताईला ऐकू आलं. एकच सूर, पण त्याच्यात काहीतरी हलत होतं, पाण्यावर ऊन हलतं तसं. तिने श्वास रोखला. "ऐकू आलं ना?" त्याने विचारलं. तिने मान डोलावली. इतकी वर्षं हा या असल्या जगात राहत होता आणि आपण बाहेरून त्याचं दार ठोठावत विचारत होतो, किटली कुठे आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या जोड्या लागल्या. चादर पुन्हा अंथरली गेली, ओळी पुन्हा मांडल्या गेल्या. उद्या मेण आणून ओतायचं, परवा सूर तपासायचे. रविवार हातचा जात नव्हता. ताईला हायसं वाटलं. आता सांगितलं नाही तरी चालेल, नुकसान तर भरून निघालं, असा एक साळसूद विचारही तिच्या मनात डोकावून गेला.

भोवरा भिंतीला टेकून बसला होता. गढलेपण उतरलं की तो असा रिकामा होऊन जायचा.

"ताई, तुझंच बरोबर होतं," तो म्हणाला. "मास्तरांचं हे देतो आणि दुकान बंद करतो. पहिल्या तारखेपासून भाऊजींकडे येईन. गोळ्याही नकोत. इतके दिवस विसरत होतो ते ठीक होतं, गं. ते माझ्या ओळखीचं होतं. पण मी स्वतःच रात्री उठून स्वतःचं काम उधळायला लागलो, तर मग मी कुणावर विसंबायचं? आज तू होतीस. पुढच्या वेळी?"

ताईला जे हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. गेली कित्येक वर्षं ती हेच मागत होती, खुर्ची, पगार, सांभाळायला नवऱ्याची नजर. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

"मी आवरलं," ती म्हणाली.

"हो, आज तू खूप मदत केलीस."

"आज नाही. काल. तू बाईंकडे गेला होतास तेव्हा. मी किल्लीने उघडलं, रीड पुसल्या, डब्यांत भरल्या, दारं बसवली. तुला सांगायचं होतं, मग अपघाताची केस आली आणि मी विसरले. सकाळपासून सांगायची हिंमत झाली नाही. गोळ्यांनी काही झालेलं नाही. तू झोपेत उठला नाहीस. तू काहीच केलेलं नाहीस. मी केलं."

ती मान खाली घालून थांबली. तो ओरडेल, निघून जाईल, निदान आजवरचं सगळं एकदाचं बाहेर काढेल, असं तिला वाटलं, आणि ते ऐकून घ्यायची तिने तयारी केली होती.

तिने वर पाहिलं. भोवरा तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे तिने त्याच्या चेहऱ्यावर आजवर पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी नाही?" तो म्हणाला.

"नाही."

"नक्की ना, ताई? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?"

"तुझी शपथ. मी."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. तो ऐकत होता, ओठ किंचित उघडे, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मग तो उठला, फोन शोधायला लागला, सापडेना, तेव्हा त्याने तिचाच फोन तिच्या हातात दिला.

"आईला लाव. आईलाही सांग."

तिने फोन लावला. आई पलीकडून म्हणाली, "काय गं, काय घोळ घातला त्याने?"

"त्याने नाही, आई. मी. मी त्याचं सगळं काम विस्कटून टाकलं, आणि त्याने एका दिवसात परत उभं केलं."

"तू उगाच त्याला पाठीशी घालू नकोस," आई म्हणाली. "मी ओळखून आहे त्याला."

फोनचा आवाज मोठा होता. भोवऱ्यालाही ते ऐकू गेलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं. असं पूर्वी किती वेळा घडलं असेल, दुसऱ्या कुणी केलेलं, आणि याने मुकाट्याने आपलं म्हणून अंगावर घेतलेलं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं, त्यालाही नाही.

"आई, ऐक," ताई म्हणाली. आईशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. "तो नव्हता. मी होते."

आई काहीतरी म्हणायला लागली. ताईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मग आणखी एकदा, आई गप्प होईपर्यंत.